वार्नाचा डाव आणि तपासणीची सवय

बुद्धिबळाचा ऑनलाइन डाव हरलो की दोन मिनिटांत इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्राम, चुकांवरची लाल प्रश्नचिन्हं मोजून देतं. ही तपासणी पूर्वी रात्री-रात्री, कधी वर्षानुवर्षं चालायची.

मुळात डाव तपासायचा तर तो लिहिलेला हवा. १८३४ साली लंडनमध्ये ला बूर्दोने आणि मॅकडोनेल हे त्या काळचे दोन अव्वल खेळाडू ८५ डाव खेळले. ते आज पटावर मांडता येतात, कारण विल्यम ग्रीनवुड वॉकर नावाचे गृहस्थ शेजारी बसून खेळ्या टिपत होते.

स्वतःचे डाव तपासण्याला शिस्त लावली सोव्हिएत जगज्जेते मिखाईल बोत्विन्निक यांनी. पेशानं विद्युत अभियंता, आणि पटावरही वृत्ती तीच. आपलं विश्लेषण वहीत दडवू नका, छापा, असा त्यांचा आग्रह. छापलं की चुका काढायला लोक टपलेलेच असतात! १९५७ मध्ये स्मिस्लोव्हनं आणि १९६० मध्ये तालनं त्यांचं जगज्जेतेपद घेतलं. दोन्ही वेळा त्यांनी ते पुढच्याच वर्षी परत मिळवलं. तालला १३-८ असं हरवलं तेव्हा त्यांचं वय होतं ४९.

१९६२ च्या वार्ना (बल्गेरिया) ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या सांघिक स्पर्धेत, अमेरिकेच्या बॉबी फिशरविरुद्धचा त्यांचा डाव तहकूब झाला, म्हणजे अर्ध्यावर थांबवून दुसऱ्या दिवसावर टाकला, तेव्हा बोत्विन्निक अडचणीत होते. सोव्हिएत चमू रात्रभर पटाशी बसला. हत्तींच्या त्या एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, संघसहकारी गेलरनं बचाव शोधला आणि डाव बरोबरीत सुटला. फिशरला ते काही पचलं नाही. १९६९ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यानं बोत्विन्निकच्या विश्लेषणातलं भोक दाखवून ‘मी जिंकत होतो’ असं मांडलं. बोत्विन्निकनी काय करावं? तीच स्थिती आपल्या बुद्धिबळ शाळेतल्या मुलांपुढे ठेवली. त्यातल्या १३ वर्षांच्या एका पोरानं फिशरच्या वाटेवरही बरोबरी काढून दाखवली. पोराचं नाव गॅरी कास्पारोव्ह, पुढचा जगज्जेता.

पुढे संगणक आले, आणि १९९० च्या दशकात डाव तहकूब करण्याची प्रथाच मोडीत निघाली. रात्रभराचं काम यंत्र चुटकीसरशी करणार, तर तहकुबीला अर्थ काय उरला? तरी चूक कुठं झाली एवढंच इंजिन सांगतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं, हे त्याला कुठून कळणार? म्हणून मी स्कोअरशीटवर खेळीशेजारी घड्याळात उरलेली मिनिटंही लिहितो. परवाच्या डावात १४ व्या खेळीला २२ मिनिटं गेली होती. घोडा मागे घ्यायचा की नाही, एवढ्याचसाठी.