लाकडी स्टिअरिंग: आधी गरज, मग हौस

नाशिकमध्ये जुन्या गाड्या जपणाऱ्यांपुढे लाकडी स्टिअरिंगचा प्रश्न उभा राहतो तो बहुधा उन्हाळ्यात. पावसाळ्यात ओल धरलेलं लाकूड एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतं. आतली धातूची कडी तशी आकसत नाही, मग ताण जोडावर येतो आणि चीर पडते. ‘नवीनच टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. तो ऐकण्याआधी स्टिअरिंगचं चाक कोणत्या काळातलं आहे, ते पाहायला हवं.

सुरुवातीच्या मोटारी दांड्याने वळवत. १८९४ च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशेरों यांनी आपल्या फ्रेंच बनावटीच्या पानार गाडीला गोल चाक लावलं. १८९८ पासून पानार कंपनीच्या गाड्यांना ते सर्रास येऊ लागलं. तेव्हा मोटारींच्या बॉड्या घोडागाड्या बांधणारे कारागीरच बनवत, त्यामुळे घेर लाकडाचा झाला यात नवल नाही. पुढे कडक रबर, बेकलाइट आणि प्लॅस्टिक आलं नि लाकूड मागे पडलं.

ते परतलं महायुद्धानंतर, इटलीतून. १९५० च्या दशकात एन्रिको नार्दी यांची चाकं फेरारीसारख्या गाड्यांत दिसू लागली: अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्याला जोडलेलं लाकूड, वर रिव्हेट. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपलाही लाकडी घेराचंच चाक होतं. मग अपघात-सुरक्षेचा विचार पुढे आला. स्टिअरिंगवर आदळणाऱ्या चालकाच्या बचावासाठी अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नियम लागू झाला, आणि पुढे गादीदार चाकांचा जमाना आला.

आपल्या अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी कारखान्यातून प्लॅस्टिकच्या चाकानिशीच निघाल्या. त्यांच्यातलं लाकडी चाक मालकाच्या हौसेचं; ते बदललं तर गाडीचा इतिहास बिघडत नाही. मूळचं लाकडी चाक असलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे मी दुरुस्तीच्याच बाजूचा आहे.

चांगल्या चाकाचा घेर अनेक तुकड्यांचा असतो. लाकडाच्या रेषा गोलाईबरोबर वळाव्यात म्हणून तुकड्यांच्या टोकांना दाते पाडून ते एकमेकांत बसवलेले असतात. जुना सरस ओलीने सुटतो. तो पूर्ण खरवडून काढावा, लाकूड नीट सुकू द्यावं, मगच इपॉक्सी भरून क्लॅम्प आवळावा. जुन्या नाशकातल्या वाड्यांचं सागवानी काम केलेल्या सुताराला यातलं बरंच न सांगता कळतं. एवढं मात्र बजावावं: घेराच्या मागे बोटांसाठी खाचा असतील तर त्या पॉलिश पेपरने घासून सपाट करू नका. पकड तिथेच असते. लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसतं देखणं, पण घामाने आणि बंद गाडीतल्या उन्हाने ते चिकट होतं. रोज फिरणाऱ्या गाडीला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश बरं.

आतली कडी, आरे किंवा हब (चाकाचा मधला भाग) यांना तडा असेल, तर ते चाक गाडीवर ठेवू नये. नवं बसवताना स्टिअरिंग शाफ्टचे दाते हबशी तंतोतंत जुळतात का, ते आधी तपासावं, आणि जुनं चाक गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावं. पुढे कुणाला मूळ मापं हवी असतील, तर ती त्यावरूनच मिळतील.