जवसाचा वाख, टकळीचा पीळ

जवस म्हटलं की आपल्याला चटणी आठवते. लिनन याच झाडाच्या सालीतून निघतं, हे मात्र चटकन खरं वाटत नाही. चटणीचं जवस बुटकं, फांद्यांचं. धाग्यासाठी मात्र ते दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फोडता ते मीटरभर सरळसोट वाढतं. कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण लांबी वाया घालवायची नसते. पुढचं काम अंबाडीसारखंच. भिजवून कुजवलं की सालीतलं पेक्टिन, म्हणजे तंतू चिकटवून ठेवणारा डिंक, जिवाणू खातात आणि वाख, म्हणजे सालीतले लांब तंतू, मोकळा होतो. मग काड्या झोडपून झाडायच्या, वाख विंचरायचा.

टकळीवर कापूस कातलेल्या हाताला हा वाख सुरुवातीला दाद देत नाही. मी तर पेळू धरावा तसा तो धरला आणि टकळी चार वेळा फरशीवर आपटली. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. वाळताना चपटा होऊन तो मुरडतो, त्या मुरडींत शेजारचा तंतू अडकतो. लोकरीला खवले असतात. जवसाचा तंतू गुळगुळीत आणि ताठ. ताण दिला तर फारसा लांबत नाही, तुटतो. त्याला धरून ठेवतो तो पीळ. पिळामुळे बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात, आणि सूत ओढावं तशी ही आवळणही वाढते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण पीळच कमी पडला तर न जळताही सुंभ सुटतो.

खरी युक्ती पाण्यात आहे. हातभर लांब दिसणारी बट म्हणजे एक तंतू नव्हे. दोन ते पाच सेंटिमीटरच्या पेशी उरलेल्या पेक्टिननं एकमेकींना चिकटून ती झालेली असते. ओल्या बोटांनी कातलं की हा डिंक मऊ होतो, बाहेर आलेली टोकं सुतावर बसतात आणि वाळल्यावर तिथेच राहतात. कोरडं कातलेलं सूत केसाळच राहतं. युरोपातल्या बायका त्यासाठी थुंकी लावत. प्राचीन इजिप्तमध्ये तळाशी आतून कड्या असलेली भांडी होती. कातायचा वाख त्या कड्यांखालून, पाण्यातून ओढून घेत.

इजिप्तच्या सुताचा पीळ बहुतेक ‘एस’ अक्षराच्या तिरकेपणाचा, म्हणजे टकळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवलेली. इजिप्तमधल्याच तारखानला सापडलेला, पाच हजार वर्षांपूर्वीचा लिननचा अंगरखा आज लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. या ‘एस’ पिळाचा संबंध तंतूच्या स्वभावाशी जोडतात. पेशीच्या भिंतीतले सेल्युलोजचे धागे त्याच बाजूला वळलेले असतात. तरी युरोपानं शतकानुशतकं उलट्या पिळाचं लिनन कातलं आणि तेही उत्तम टिकलं, त्यामुळे दिशेचं फार कौतुक नको.

स्वभाव मात्र घरीही पाहता येतो. ओला बारीक तंतू चिमटीत धरा, मोकळं टोक आपल्याकडे करा आणि तव्याच्या उबेवर वाळू द्या. जवसाचं टोक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळतं. गोणपाटातला ज्यूट उलटा.