तुरुंगातून सुटलेल्या माणसाची नोंद न्यू जर्सीत कुठे आणि कशी पाहावी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लोकांच्या नोंदी तपासून अहवाल देणाऱ्या आमच्या एडिसनच्या ऑफिसात हा प्रश्न बहुतेक वेळा दबक्या आवाजात विचारला जातो. "बेसमेंट भाड्याने द्यायचंय, माणूस बरा वाटतो, पण कुणीतरी म्हणालं की तो आत जाऊन आलाय. कळेल का?" किंवा, "आईला सांभाळायला बाई ठेवतोय, जरा बघून द्याल का?" कधी उलट बाजूनेही: "आमचा भाचा सुटून आलाय. नेटवर लोकांना त्याचं काय काय दिसतं?"

शिक्षेची नोंद इथे बऱ्याच अंशी सगळ्यांना पाहता येते. पण ती एका जागी नसते, आणि नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं होत नाही. हे दुसरं वाक्य आम्ही प्रत्येक ग्राहकाला दोनदा सांगतो. ते ऐकून न ऐकल्यासारखं झालं की कुणाचं तरी घर जातं, कुणाची नोकरी जाते.

कोणता तुरुंग?

मराठीत आपण सगळ्यालाच तुरुंग म्हणतो, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. न्यू जर्सीत 364 दिवसांपर्यंतची शिक्षा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) जेलमध्ये भोगतात. खटला उभा राहायच्या आधी ज्यांना कोठडीत ठेवतात तेही तिथेच असतात, म्हणजे अजून दोषी न ठरलेली माणसंसुद्धा. त्याहून मोठी शिक्षा झाली तर माणूस राज्याच्या प्रिझनमध्ये जातो: ट्रेंटनचं न्यू जर्सी स्टेट प्रिझन, किंवा आपल्या जवळचं, घुमटाचं ईस्ट जर्सी स्टेट प्रिझन, ज्याला जुने लोक अजून रॉवे म्हणतात. आणि गुन्हा केंद्राच्या कायद्याखालचा असेल, तर तो फेडरल तुरुंगात.

तिघांच्या नोंदी तीन वेगळ्या ठिकाणी. "राज्याच्या साइटवर नाव नाही, म्हणजे माणूस स्वच्छ," असं म्हणून निश्चिंत झालेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. काउंटी जेलमध्ये चार महिने काढलेला माणूस राज्याच्या यादीत शोधून सापडणारच नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात शिक्षा भोगलेलाही नाही.

राज्याच्या यादीत काय दिसतं

न्यू जर्सीच्या तुरुंग खात्याच्या साइटवर नावाने किंवा एसबीआय क्रमांकाने शोधता येतं. एसबीआय म्हणजे स्टेट ब्युरो ऑफ आयडेंटिफिकेशन. बोटांचे ठसे घेतल्यावर राज्य पोलीस हा क्रमांक देतात आणि तो माणसाला कायम चिकटतो. नाव बदलेल, स्पेलिंग बदलेल, हा क्रमांक बदलत नाही. म्हणून तो मिळाला तर अर्धं काम झालंच.

पानावर फोटो असतो. त्याखाली कोणत्या नावाने शिक्षा झाली ते, इतर वापरलेली नावं, जन्मतारीख, उंची, वजन, डोळ्यांचा रंग. मग गुन्ह्यांचा तक्ता: गुन्हा कधी घडला, शिक्षा कधी सुनावली, कोणत्या काउंटीने पाठवलं, किती वर्षं. यात गुन्ह्याची तारीख आणि शिक्षेची तारीख वेगळी असते, हे लक्षात ठेवा. दोन तारखा बघून "दोनदा गुन्हा केला" असं वाचणारे खूप आहेत.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना गोंधळात टाकते. शिक्षा दहा वर्षांची आणि माणूस साडेआठ वर्षांत बाहेर, म्हणजे काहीतरी वशिला लावला? नाही. 1997 च्या 'नो अर्ली रिलीज' कायद्याप्रमाणे गंभीर हिंसक गुन्ह्यांत 85 टक्के शिक्षा भोगल्याशिवाय पॅरोल मिळत नाही. दहा वर्षांचे 85 टक्के म्हणजे साडेआठच. पुढचा काळ तो देखरेखीखाली असतो.

'फेलनी' (गंभीर गुन्हा) हा शब्द सिनेमांतून आपल्या तोंडी बसलाय, पण न्यू जर्सीच्या कागदांत तो शोधू नका. इथे गुन्ह्याच्या चार श्रेणी आहेत. पहिली सगळ्यात भारी, साधारण 10 ते 20 वर्षं. दुसरी 5 ते 10, तिसरी 3 ते 5, चौथी जास्तीत जास्त 18 महिने. त्याखालचे किरकोळ प्रकार म्युनिसिपल कोर्टात जातात आणि त्यात सहा महिन्यांवर शिक्षा होत नाही.

सुटका झालेल्यांसाठी तुरुंगाच्या यादीवर विसंबू नका, कोर्टाकडे जा. न्यायखात्याच्या साइटवर दोषसिद्धीचे खटले फुकट शोधता येतात. इंडाइटमेंटच्या, म्हणजे औपचारिक आरोपपत्राच्या, क्रमांकात आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक असतो, त्यामुळे प्रकरण कधीचं हे एका नजरेत कळतं. आणि शंका उरलीच, तर त्या काउंटीच्या सुपिरियर कोर्टातून निकालाची प्रत मागवायची. आपल्या मिडलसेक्स काउंटीचं कोर्ट न्यू ब्रन्सविकला आहे. साइटवरची ओळ आणि निकालाची प्रत यांत फरक दिसला, तर आम्ही प्रतीवर विश्वास ठेवतो.

नाव जुळलं, पुढे?

दोन वर्षांपूर्वी एक काका हातात छापलेलं पान घेऊन आले. भाडेकरूचं नाव तेच, आडनाव तेच, जन्मसालही तेच. त्यांनी मनातल्या मनात नकार देऊनही टाकला होता. आम्ही पान टेबलावर ठेवलं आणि अर्जाशी एकेक ओळ ताडून पाहिली. जन्माचा महिना वेगळा. उंचीत पाच इंचांचा फरक. ज्या वर्षी यादीतल्या माणसाला शिक्षा झाली, त्या वर्षी अर्ज करणारा पहाटे तीनला बेकरीत कणीक मळत होता, आणि त्याचे पगाराचे कागद अर्जालाच जोडलेले होते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मी त्याला सांगूनही टाकलं असतं हो, तोंडावर."

हे फक्त साध्यासुध्या माणसांकडून होतं असं नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्नियात सर्जिओ रामिरेझ नावाचे गृहस्थ बायको आणि सासऱ्यांबरोबर गाडी घ्यायला गेले. त्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर सरकारी अतिरेकी यादीशी नाव जुळत असल्याचा इशारा होता, म्हणून विक्रेत्याने त्यांना गाडी द्यायला नकार दिला. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीने फक्त नाव आणि आडनाव ताडून पाहिलं होतं, जन्मतारीख पाहिलीच नव्हती. हा दावा 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि असाच इशारा लागलेली 8,185 माणसं त्यात होती.

आपल्या नावांचा घोळ तर आणखी निराळा. चव्हाण इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी आडनावातच मिसळलेलं. पासपोर्टवर एकच नाव असलं तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिलं नाव माहीत नाही) पडतं आणि तेच पुढे सगळीकडे नाव म्हणून फिरतं. लॅटिन अमेरिकेतल्या लोकांची दोन आडनावं असतात आणि कारकून कधी पहिलं घेतो, कधी दुसरं. म्हणून आमचा नियम असा: नाव, पूर्ण जन्मतारीख आणि तिसरी एखादी स्वतंत्र खूण जुळल्याशिवाय आम्ही अहवालात ती नोंद घालत नाही. ग्राहक घाईत असला तरी नाही.

इतर राज्यांचं काय

माणूस पूर्वी कुठे राहत होता हे आधी विचारा, कारण प्रत्येक राज्याची रीत वेगळी. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या शोधात सध्या आत असलेलेच दिसतात. सुटलेला माणूस तिथे दिसला नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. मिशिगनमध्ये देखरेख संपल्यावर तीन वर्षांपर्यंत नाव दिसतं, मग निघतं. फ्लोरिडात ऑक्टोबर 1997 पासून सुटलेल्यांचा वेगळा शोध आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदी तर 1972 पर्यंत मागे जातात.

न्यूयॉर्कमध्ये प्रत्येकाला डीआयएन क्रमांक असतो: आधी वर्षाचे दोन आकडे, मग तो कोणत्या केंद्रात दाखल झाला त्याचं अक्षर, मग अनुक्रमांक. तिथे बऱ्याचशा अहिंसक गुन्ह्यांची माहिती शिक्षा आणि पॅरोल संपल्यावर पाच वर्षांनी साइटवरून काढतात, तसा कायदाच आहे. फेडरल तुरुंगांचा शोध देशभर एकच आहे आणि 1982 पासूनचे कैदी त्यात सापडतात, सुटकेच्या तारखेसह.

भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाबद्दल या सगळ्यात काहीही मिळणार नाही. तिकडे सुटलेल्या कैद्यांची अशी उघडी यादी नाही. ई-कोर्ट्सवर खटला शोधता येतो, आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट त्या माणसानेच काढून द्यायचं असतं.

पाहण्याआधी कायदा

हा भाग कृपया वगळू नका. तुम्ही स्वतः घरी बसून साइट चाळणं वेगळं, आणि भाडं किंवा नोकरी ठरवायला आमच्यासारख्यांकडून अहवाल घेणं वेगळं. अहवाल घेतला की 1970 चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा लागू होतो. नोकरीसाठी पाहायचं तर वेगळ्या कागदावर स्पष्ट सूचना आणि त्या माणसाची लेखी संमती हवी. घरी ठेवलेली नॅनी किंवा आईला सांभाळणारी बाई हीसुद्धा नोकरीच. अहवाल वाचून नकार द्यावासा वाटला, तर आधी त्या व्यक्तीला अहवालाची प्रत आणि हक्कांचं पत्रक द्यायचं, तिला बोलायला वेळ द्यायचा, आणि मगच निर्णय. चूक आहे असं तिने कळवलं तर साधारणपणे 30 दिवसांत फेरतपासणी करणं आमच्यावर बंधनकारक आहे. दोषी न ठरलेली अटक सात वर्षांनंतर अहवालात सहसा घालता येत नाही.

घरमालकांसाठी न्यू जर्सीचा फेअर चान्स इन हाउसिंग कायदा 1 जानेवारी 2022 पासून आहे. काही मोजके अपवाद सोडले, तर घर देण्याचा सशर्त होकार देण्याआधी गुन्ह्याबद्दल विचारायचंच नाही. अर्जात नाही, फोनवर नाही, चहा पिता पिताही नाही. होकारानंतर पाहता येतं, पण मर्यादेत: पहिल्या श्रेणीचा गुन्हा असेल तर सहा वर्षं, दुसऱ्या-तिसऱ्याला चार, चौथ्याला एक. हा काळ शिक्षा सुनावल्यापासून, किंवा तुरुंगात होता तर सुटल्यापासून धरतात. खून, अपहरण, जाळपोळ अशा काही गुन्ह्यांना काळाची मर्यादा नाही. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या इमारतीला हा कायदा लागत नाही, त्यामुळे आपल्यातले बरेच बेसमेंटवाले त्यातून सुटतात. टाउनहाऊस विकत घेऊन पूर्ण भाड्याने देणारे सुटत नाहीत. आम्ही वकील नाही. नकार देण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर एकदा वकिलाला विचारा.

पुसलेल्या नोंदींबद्दलही एक शब्द. न्यू जर्सीत एक्स्पंजमेंट झालं की ती नोंद लोकांसाठी संपते. गांजाचे कायदे बदलल्यावर 2021 मध्ये इथल्या कोर्टांनी साडेतीन लाखांहून जास्त प्रकरणं अशी पुसली. जुन्या खाजगी साइट्सवर ती अजून पडून असतात, आणि पन्नास डॉलर घेऊन 'संपूर्ण इतिहास' विकणारे नेमकं तेच विकतात. अशी नोंद आमच्या हाती आली तरी आम्ही ती देत नाही.

ज्यांना भीती आहे त्यांच्यासाठी

त्रास देणारा नवरा किंवा नातलग सुटून येणार असेल, तर आमच्याकडे येण्याची किंवा पैसे भरण्याची गरज नाही. 'व्हाइन' ही फुकट सेवा आहे. नाव नोंदवलं की कैदी सुटताना किंवा हलवला जाताना फोन, मेसेज किंवा ईमेल येतो. 1993 मध्ये केंटकीत मेरी बायरन या मुलीला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, तिला त्रास देणारा पूर्वीचा मित्र सुटलाय हे तिला न कळवल्यामुळे, जीव गमवावा लागला. त्यातून पुढच्या वर्षी ही सेवा सुरू झाली. फोनवर इंग्रजी बोलायला अवघड वाटत असेल, तर दक्षिण आशियाई बायकांसाठी 1985 पासून न्यू जर्सीत काम करणारी 'मानवी' ही संस्था आहे. फॉर्म भरायला आमच्या ऑफिसात बसलात तरी चालेल, पैसे घेणार नाही.

आणि ज्यांचा माणूस सुटून आलाय

तुम्ही लपूनछपून येता, हे आम्हाला दिसतं. येत जा. त्याच्या नावावर काय दिसतं ते आम्ही त्याच्याबरोबर बसून दाखवतो. चुकीची ओळ असेल तर हरकतीचं पत्र लिहून देतो. बहुतेक गुन्ह्यांसाठी शेवटच्या शिक्षेला, पॅरोलला आणि दंडाला दहा वर्षं झाली असतील, तर नोंद पुसण्यासाठी 'क्लीन स्लेट' अर्ज करता येतो. काही गंभीर गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. त्याचा फॉर्म न्यायखात्याच्या साइटवर आहे. सुटकेचा कागद आणि निकालाची प्रत मात्र घरात जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पुढची दहा वर्षं तो कागद पुन्हा पुन्हा लागतो.

येताना काय आणावं

ज्याची नोंद पाहायची त्याची सही केलेली संमती, कागदावर आहे तसं पूर्ण नाव, पूर्ण जन्मतारीख, आणि गेल्या दहा वर्षांत तो कोणकोणत्या काउंटीत राहिला त्याची यादी. सोशल सिक्युरिटी क्रमांक व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, समोर बसून लिहून द्या. साधारण तीन-चार कामाचे दिवस धरा. कोर्टातून प्रत मागवावी लागली तर जास्त लागतील, आणि ती येईपर्यंत त्या माणसाला "नाही" म्हणू नका.