रेचके

बद्धकोष्ठ दूर करण्यासाठी घेतली जाणारी, मल मऊ करणारी किंवा आतड्यांची हालचाल वाढवणारी द्रव्ये म्हणजे रेचके होत. बोलीभाषेत या सर्वांना सरसकट ‘जुलाब’ म्हणतात. औषधही जुलाब आणि त्याने होणारे पातळ शौचही जुलाबच. हा शब्द गुलाबपाणी या अर्थाच्या फार्सी शब्दाच्या अरबी रूपावरून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. इसबगोलाचा भुसा आणि जमालगोट्याचे बी ही दोन्ही या एकाच नावाखाली येतात; म्हणून कोणते द्रव्य किती तीव्र आहे, हे ओळखणे सुरक्षित वापरासाठी सर्वांत आवश्यक आहे.

चरकसंहितेत मृदू विरेचनासाठी (विरेचन म्हणजे औषधाने पोट साफ करणे) बहावा, सुखविरेचनासाठी म्हणजे त्रास न होता पोट साफ होण्यासाठी निशोत्तर ही वेल आणि तीक्ष्ण विरेचनासाठी स्नुहीचा, म्हणजे निवडुंगाचा चीक श्रेष्ठ सांगितला आहे. शार्ङ्गधरसंहितेचा कर्ता शार्ङ्गधर याने (बहुधा १३ वे–१४ वे शतक) हीच प्रतवारी अधिक बारकाईने मांडली : अनुलोमन म्हणजे मल पचवून खाली नेणे (हिरडा), स्रंसन म्हणजे न पचलेला मल खाली सरकवणे (बहावा), भेदन म्हणजे घट्ट मल फोडून काढणे (कुटकी) आणि रेचन म्हणजे मल पातळ करून बाहेर टाकणे (निशोत्तर). एकच मात्रा एकाला पुरते आणि दुसऱ्याला मुरडा आणते, या अनुभवाला ‘जड कोठा’ आणि ‘हलका कोठा’ हे आजचे शब्दप्रयोग धरून आहेत; ग्रंथांतील क्रूरकोष्ठ व मृदुकोष्ठ ते हेच.

द्रव्यांच्या ओळखीबाबत दोन वाद आहेत. पहिला दंती या रेचक वनस्पतीचा. चरकाने दंती व द्रवंती यांसाठी स्वतंत्र अध्याय दिला असून त्यात मूळ वापरावयाचे आहे. पुढे रसग्रंथांत (पारा व खनिजांच्या औषधांवरील ग्रंथांत) जमालगोट्याचे (जयपाळाचे) बी ‘दंतीबीज’ या नावानेही आले आणि त्यामुळे दोन्ही एकच समजली जाऊ लागली. औषधासाठी वापरायचा भाग वेगळा आहे, हे लक्षात घेता त्या निरनिराळ्या वनस्पती मानणे अधिक सयुक्तिक दिसते. जयपाळाचे तेल थेंबांनी मोजावे इतके दाहक असून त्याचे बी घरी कधीही वापरू नये. दुसरा वाद सोनामुखीचा. ही चरक-सुश्रुतांत आढळत नाही. उत्तरकालीन निघंटूंतील (औषधी वनस्पतींच्या कोशांतील) मार्कंडिका म्हणजे सोनामुखीच, असे काही अभ्यासक म्हणतात. तथापि तिचे ‘सना’ हे अरबी नाव आणि अरबी वैद्यकातील, साधारणपणे ९ व्या शतकापासूनचा, तिचा वापर पाहता ती पश्चिमेकडून आली हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत तिला भुईतरवडही म्हणतात, आणि गोंधळ तेथेच होतो. सातारा-सांगली जिल्ह्यांतील माण, खटाव, जत या कोरड्या भागांतील माळावर पिवळ्या फुलांनी भरलेला जो तरवड दिसतो, तो वेगळा आहे. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरत. त्याच्या पानाच्या देठावर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, तर सोनामुखीला त्या नसतात. तरवडाचा पाला सोनामुखीत भेसळ म्हणून मिसळला जातो.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस पाटण-जावळीच्या डोंगरांत हिरडा मिळतो. बाळहिरडे एरंडेलात तळून, सैंधव घालून त्यांचे चूर्ण करण्याची रीत सातारा-सांगलीकडील घरांत परिचित आहे. रविवारी सकाळी मुलांना रांगेत बसवून आल्याच्या चहातून एरंडेल पाजण्याची पद्धत मात्र आता मागे पडत आहे, आणि ते योग्यच आहे. एरंडेलातील रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या व गर्भाशयाच्या स्नायूंवरील विशिष्ट ग्राहकांवर (रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंवर) क्रिया करते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून गर्भवतीने ते घेऊ नये. एरंडीचे बी विषारी असते. त्यातील रिसिन हे विष गाळून शुद्ध केलेल्या तेलात उतरत नाही.

आधुनिक वैद्यकातही अशीच प्रतवारी आहे. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो. चमचाभर भुसा पेल्यात टाकून काही मिनिटे ठेवला, तर पाण्याचा दाट लगदा होतो. हेच घशात किंवा अन्ननलिकेत होऊ नये म्हणून तो भरपूर पाण्यात, साधारण २४० मिलिलिटर, ढवळून लगेच प्यावा, वर आणखी पाणी घ्यावे आणि आडवे होण्याच्या आधी टाळावा. गिळण्यास त्रास असणाऱ्यांनी तो घेऊच नये. त्याचा परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागू शकतात. काही झाले नाही म्हणून त्याच रात्री दुसरे औषध घेण्याची चूक वारंवार होते. लॅक्ट्युलोज हे साखरेसारखे रेचक एक-दोन दिवसांनी काम करते. बिसाकोडिल हे औषध व सोनामुखी ६ ते १२ तासांत आतड्यांना चेतवतात; अशांना चेतक रेचके म्हणतात. बिसाकोडिलच्या गोळीवरील आवरण आतड्यात विरघळण्यासाठी असते, म्हणून ती चघळू नये आणि दूध किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेऊ नये. चेतक रेचके वैद्यकीय सल्ल्याशिवाय आठवड्यापेक्षा जास्त चालू ठेवू नयेत. अतिवापराने शरीरातील पोटॅशियम घटते, आणि लघवी वाढवणारी औषधे किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांत त्याचा हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मॅग्नेशियमयुक्त औषधे व फॉस्फेटचा एनिमा टाळावा. द्रवरूप पॅराफिन हे खनिज तेल झोपताना दिल्यास वृद्धांत फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

पोटात तीव्र वेदना, उलटी, ताप किंवा फुगलेले पोट यांसोबत शौच व वायू दोन्ही बंद असतील, तर कोणतेच रेचक देऊ नये. अपेंडिक्सला सूज असल्यास जुलाबाने ते फुटू शकते. शौचातून रक्त, अकारण वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर नव्याने जडलेले बद्धकोष्ठ यांसाठी डॉक्टरांकडे जावे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि व्हेरापामिलसारखी रक्तदाबाची औषधे यांमुळेही मल घट्ट होतो. तेव्हा कारण औषध असल्यास त्यात डॉक्टरांकडून बदल करून घेणे अधिक उचित असते.