रस्त्यावरची पोरं, नशा आणि सेक्स: तीस सेशनवरून चारवर कसे आलो

घर सुटलेल्या तरुण पोरांची नशा कमी करायची आणि सेक्समधला धोकाही कमी करायचा, आणि दोन्हीचं एकाच प्रोग्रॅममधे बोलायचं, ही आयडिया आज अगदी साधी वाटते. पण ती जिथे घडली त्या अमेरिकेत इथवर यायला चांगली पन्नास वर्षं लागली.

सुरुवात १९६७ पासून धरू. त्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात देशभरातून पोरंपोरी येऊन धडकली, बरीचशी घरून पळालेली, खिशात पैसे नाहीत आणि नशा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर. जूनमधे तिथे डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी फुकट क्लिनिक काढलं आणि त्याच महिन्यात पळालेल्या पोरांसाठी हकलबेरी हाऊस सुरू झालं. तेव्हा अल्पवयीन मुलाने घर सोडणं हीच पोलिसांच्या दृष्टीने केस होती, म्हंजे मोठ्या माणसाने केलं तर काही नाही पण सोळाव्या वर्षी केलं तर सरळ कोठडी. आता अशा पोराला नशेने त्रास झाला तर ते दवाखान्यात जाईल कशाला? ते लपणारच.

मग १९७३ मधे टेक्सासमधल्या ह्यूस्टनचं खुनांचं प्रकरण बाहेर आलं. पुरलेले २७ मृतदेह सापडले, सगळी पोरं आणि तरुण. त्यातल्या कित्येकांच्या आईबापांनी आधीच तक्रार केलेली होती आणि पोलिसांनी 'पळून गेला असेल' म्हणून ती बाजूला ठेवलेली. हे वाचताना आजही राग येतो. पुढच्याच वर्षी, १९७४ मधे, पळालेल्या मुलांसाठी फेडरल म्हंजे केंद्र सरकारचा कायदा आला आणि शेल्टरना सरकारी पैसा मिळायला लागला. १९७७ च्या दुरुस्तीत 'बेघर' हा शब्द जोडला गेला, आणि तो महत्त्वाचा आहे कारण यातली बरीच पोरं पळालेली नसतातच, त्यांना घरच्यांनी हाकललेलं असतं, कधी सावत्र बापाशी भांडण म्हणून तर कधी पोरगा गे आहे म्हणून.

खरा धक्का एड्सने दिला. न्यूयॉर्कच्या कव्हेनंट हाऊस या बेघर पोरांच्या शेल्टरमधे १९८७ ते १९८९ दरम्यान आलेल्या पोरांचं रक्त नाव न लावता तपासलं. २,६६७ नमुने, त्यात ५.३ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह, म्हंजे साधारण दर एकोणीस पोरांमागे एक. तोवर नशेचं खातं वेगळं, एचआयव्हीचं वेगळं, फंडिंग वेगळं, फॉर्म वेगळे. रस्त्यावर मात्र असं काही वेगळं नसतं. रात्री झोपलं तर बॅग जाते किंवा अंगावर कोणीतरी येतं, म्हणून जागं राहायला मेथ, म्हंजे झोप उडवणारी कडक नशा. थंडी वाढली की ज्याच्याकडे खोली आहे त्याच्यासोबत जायचं आणि त्या बदल्यात सेक्स, याला 'सर्व्हायवल सेक्स' म्हणतात, आणि तिथे कंडोमचा आग्रह कोण धरणार, खोली त्याची आहे ना. मग ती रात्र विसरायला परत नशा.

१९९१ मधे मेरी जेन रॉथरम-बोरस यांच्या टीमने न्यूयॉर्कच्या शेल्टरमधला एचआयव्ही टाळण्यासाठीचा प्रयोग छापला. नुसतं लेक्चर नाही, तर ३० पर्यंत सेशन. जितकी जास्त सेशन झाली तितका कंडोमचा नियमित वापर वाढला. सेक्स बंद करण्यावर मात्र काही परिणाम नाही, ज्याचं मला तरी नवल वाटत नाही. यातूनच पुढे 'स्ट्रीट स्मार्ट' प्रोग्रॅम आला. त्यातला भावनांचा थर्मामीटर मला फार आवडतो: शून्य ते शंभर, कुठली परिस्थिती तुला किती अस्वस्थ करते ते स्वतःच सांगायचं, आणि आकडा वर चढायला लागला की डोकं चालेनासं होतं हे ओळखून आधीच काय करायचं ते ठरवायचं. शिवाय टोकन, समोरच्याचं काही आवडलं तर त्याच्या हातात द्यायचं.

अडचण एवढीच की तीस सेशनला पोरं येणार कुठून? आज इथे तर उद्या दुसऱ्या गावात. म्हणून नजर गेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगकडे, जे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या समुपदेशनातून १९८३ मधे मांडलं होतं. त्यात उपदेश नाही. समुपदेशक विचारतो, दहापैकी किती वाटतं सोडावंसं? पोरगं म्हणतं, तीन. बरं, शून्य का नाही म्हणालास? आणि मग पोरगं स्वतःच कारणं सांगायला लागतं. हे गुळमुळीत वाटेल पण ज्याला आयुष्यभर सगळे ओरडलेच आहेत त्याच्यासाठी हा प्रश्नच नवा असतो.

पण जादू वगैरे झाली नाही हां. सिएटलमधे याच पद्धतीच्या एकाच बैठकीचा प्रयोग झाला, २००६ मधे निकाल आले: दारू-गांजावर फरक नाही, बाकीच्या ड्रग्जमधे महिन्याभरानंतर थोडी घट. मग लॉस एंजेलिसमधे रँड या संशोधन संस्थेच्या जोन टकर यांच्या टीमने 'अवेअर' बनवला, चार ग्रुप सेशन, आणि नशा व सेक्स दोन्ही एकत्र. १८ ते २५ वयाची २०० तरुण मुलंमुली, ड्रॉप-इन सेंटरमधली, जिथे ती तशीही जेवायला आणि अंघोळीला येतातच. ही दिवसाची जागा, तिथे झोपायची सोय सहसा नसते. २०१७ मधे निकाल छापले: तीन महिन्यांनी दारू कमी, कंडोम वापरू शकतो हा स्वतःवरचा विश्वास जास्त, आणि ज्यांचे एकाहून जास्त पार्टनर होते त्यांच्यात असुरक्षित सेक्स कमी.

दरम्यान छपराचा मुद्दा वेगळ्याच वाटेने पुढे गेला. सॅम सेम्बेरिस यांनी १९९२ मधे न्यूयॉर्कमधे 'हाऊसिंग फर्स्ट' सुरू केलं, आधी घर द्या, नशा सोडण्याची अट घालू नका. ते मुळात मानसिक आजार असलेल्या मोठ्या माणसांसाठी होतं, तरुणांसाठीची आवृत्ती बरीच नंतर आली.