गव्हाच्या बुडाशी मोहरीएवढे दाणे

सोयाबीन निघालं की निपाणी-चिकोडीकडे नोव्हेंबरात गव्हाची पेर होते, कुठे कुठे अजून खपली गव्हाचीही. मग काही शेतांत पट्ट्यापट्ट्याने रोपं पिवळी पडून वाळू लागतात आणि शेतकरी म्हणतो, "मर लागली." पण मर हे लक्षणाचं नाव आहे, बुरशीचं नव्हे. बुरशी कोणती हे न बघता औषध ओतणं मला मुळीच पटत नाही.

रोप उपटू नका; मुळं तुटतात आणि रोगट भाग जमिनीतच राहतो. खुरप्याने ढेकळासकट काढा आणि बूड नीट बघा. पांढऱ्या कापसासारखे धागे आणि त्यांत मोहरीएवढे गोल, तपकिरी, टणक दाणे दिसले, तर बहुतेक ती स्क्लेरोशियम रोल्फसी. तो दाणा म्हणजे घट्ट वळलेले बुरशीचे धागेच. मातीत तो वर्षानुवर्षं तग धरतो. हीच बुरशी सोयाबीन आणि भुईमुगालाही धरते, त्यामुळे सोयाबीनमागे गहू आला की तिची उपासमार होत नाही.

दाणे नसतील तर माती प्रयोगशाळेत न्यायची. १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक पाण्यात ढवळायची, त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं करत हजारपट पातळ करायची आणि रोझ बेंगाल हा रंग घातलेल्या अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्याच्या, प्लेटवर पसरायची. हा गुलाबी रंग जिवाणूंना रोखतो, भराभर पसरणाऱ्या बुरशांनाही आवर घालतो. प्लेट मात्र अंधारात ठेवायची, उजेडात तोच रंग बुरशीला विषारी ठरतो.

चार-पाच दिवसांत काळी भुकटी दिसते ती बहुधा ॲस्परजिलस नायजर, हिरवी ट्रायकोडर्मा, पांढरट-गुलाबी कापूस फ्युजेरियम. नुसत्या रंगावरून नाव द्यायचं नाही. फ्युजेरियमची खरी खूण सूक्ष्मदर्शकाखाली पटते: विळ्यासारखे वाकलेले, आडव्या पडद्यांनी कप्पे पडलेले बीजाणू. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा माझा डोळा भिंगावरून हलेना.

हिरवी ट्रायकोडर्मा आपल्या बाजूची. ती रोगट बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते. अंदाजाने ओतलेलं बुरशीनाशक तिलाही मारू शकतं. आणि गव्हाच्या मुळांना स्फुरद पोचवणारी मायकोरायझा ही बुरशी तर जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, म्हणून या प्लेटवर ती कधी येणारच नाही. तिचे बीजाणू माती बारीक चाळणीतून पाण्याने धुऊन वेचावे लागतात.

प्लेटवर सापडली म्हणून बुरशी दोषी ठरत नाही. ती निर्जंतुक मातीच्या कुंडीत निरोगी गव्हाच्या रोपांशी घालायची, शेजारी बुरशी न घातलेली कुंडी ठेवायची. पहिल्या कुंडीतलीच रोपं तशी वाळली आणि त्यांच्या मुळांतून पुन्हा तीच बुरशी निघाली, तरच शेतकऱ्याला तिचं नाव सांगायचं.