गाय खरंच दूध चोरते का?

वासराला आईजवळ ठेवून दुधाचा व्यवसाय करता येईल का, असं कुणी विचारलं की एक आक्षेप हमखास येतो: वासरू जवळ असलं की गाय दूध चोरते, म्हणजे धार काढताना ते मागे राखून ठेवते. निरीक्षण खरं आहे, आरोप मात्र खोटा. पान्हा गाईच्या मर्जीवर चालतच नाही.

दोन धारांमध्ये बारा तास गेले, तरी कासेतल्या दुधाचा जेमतेम पाचवा हिस्सा सडांच्या वरच्या पोकळीत उतरलेला असतो. बाकीचं दूध जिथे तयार झालं तिथेच, डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य फुग्यांत थांबलेलं असतं. नुसत्या ओढण्याने ते येत नाही. प्रत्येक फुग्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचं जाळं असतं; ते आवळलं की दूध खाली उतरतं. आवळण्याचा हुकूम देतं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, नऊ अमिनो आम्लांचा चिमुकला रेणू. सडाला स्पर्श झाला की संदेश मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो, पण उत्तर येतं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून, रक्तावाटे. जाताना तार, येताना टपाल!

हे कशावरून? १९४१ साली एली आणि पीटरसन या संशोधकांनी अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले, तरी पान्हा दोन्ही अर्ध्यांत फुटला; म्हणजे हुकूम रक्तावाटेच येत होता. मग त्यांनी गाईजवळ कागदी पिशव्या फाडफाड फोडल्या. गाय बिथरली आणि पान्हा अडला. अॅड्रेनॅलिन, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणारं संप्रेरक, टोचलं तरी तेच झालं.

(ऑक्सिटोसिनला हल्ली ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणतात. उद्या कुणी ‘मायेचं दूध’ म्हणून महागडी बाटली विकायला आणली, तर एवढं लक्षात ठेवा: प्यायलेलं ऑक्सिटोसिन पोटात इतर प्रथिनांसारखंच पचून जातं.)

आता वासरू. त्याचा वास, ढुशी, चोखणं यांच्यापुढे दूध काढायच्या यंत्राची ओढ फिकी पडते. वासराला सरावलेल्या गाईत यंत्र लावल्यावर ऑक्सिटोसिन कमी सुटतं आणि फुगे पुरते रिकामे होत नाहीत. स्निग्धांश सर्वांत जास्त असतो तो शेवटच्या दुधात, आणि नेमकं तेच मागे राहतं. म्हणून दूध घटतं, फॅटही घटते. त्यात वासरू दिवसाला दहा लिटर सहज पितं, तो हिशेब निराळाच. अर्थात ते दूध वाया जात नाही, वासराच्या अंगी लागतं. बादलीतून मोजून पाजलेल्या वासरापेक्षा ते झपाट्याने वाढतं.

यावर तोड म्हणून काही गोठ्यांत वासरू फक्त दिवसा किंवा फक्त रात्री आईपाशी असतं. जोन्स रोग (आतड्यांचा एक जिवाणूजन्य आजार) असलेल्या कळपात मात्र जपावं लागतं. तो शेणातून आणि दुधातून वासरांकडे जातो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये निदान पहिला दिवस तरी मायलेकरं एकत्र ठेवा, अशी शिफारस केली.

खरी पंचाईत ताटातुटीची. लळा लागल्यावर तोडलं की दोघंही दिवसच्या दिवस हंबरतात. त्यासाठी आधी वासराच्या नाकात प्लॅस्टिकची पट्टी अडकवतात. चोखता येत नाही, पण आई शेजारी असते, चाटते. वासराचं दूध पिणं सुटल्यावर, काही दिवसांनी, आई दूर केली जाते. एका झटक्यात दोन्ही तोडण्यापेक्षा यात हंबरणं बरंच कमी होतं.